११ केव्ही फीडरचा रिले: ओळख, सेटिंग, टेस्टिंग आणि सीडीजी काढून न्यूमेरिकल बसवताना

पावसाळ्याच्या सुरुवातीची रात्र. एका ११ केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या लाइनवर) झाडाची फांदी पडली. फीडरचा ब्रेकर पडायला हवा होता आणि तो पडलाच. पण त्याच क्षणी इनकमरही (सगळ्या फीडरना वीज देणारा मुख्य ब्रेकर) पडला, आणि उरलेल्या चार फीडरवरची गावं काहीही संबंध नसताना अंधारात गेली. पॅनलवरचे रिले (दोष ओळखून ब्रेकर पाडणारी उपकरणं) पंधरा दिवसांपूर्वीच बदललेले होते, नवेकोरे न्यूमेरिकल. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, चकतीचे होते तेव्हा असं कधी झालं नाही." त्याचं म्हणणं खरं होतं, आणि दोष नव्या रिलेचा नव्हता हेही खरं होतं. काय चुकलं होतं ते पुढे त्याच्या जागी येईल. ते कळायला आधी जुना रिले नीट समजून घ्यावा लागतो.

हा लेख ३३/११ केव्ही उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यासाठी आहे, कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे आणि टेस्टिंगच्या टीमबरोबर पहिल्यांदाच किट उचलणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठीही. आकडे एका नमुना उपकेंद्राचे धरले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच राहील. चालू पॅनलवर परमिटशिवाय हात लावायचा नाही, आणि सेटिंग मंजूर करण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्या सहीशिवाय प्लग (रिलेचं सेटिंग ठरवणारी खुंटी) हलवायचा नाही. हे दोन्ही नियम इथेच सांगून टाकतो, पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

पॅनलवर कोण बसलंय?

काळी पेटी, पुढे काच आणि काचेच्या आत आडवी ॲल्युमिनियमची चकती दिसली की तो इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले. आपल्याकडे त्यातला सर्वात ओळखीचा म्हणजे सीडीजी. नावातला 'सी' करंटचा आणि 'डी' डिस्कचा. चेन्नईजवळच्या पल्लावरमच्या कारखान्यात बनलेले हे रिले देशभर लागले आणि कित्येक जागी अजून चालू आहेत. एकाच पेटीत तीन घटक असले तर बहुधा दोन ओव्हरकरंटचे (आर आणि बी फेज) आणि मधला अर्थ फॉल्टचा, म्हणजे करंट जमिनीत जाणाऱ्या दोषाचा.

चकती नाही, पण समोर फिरवायच्या कळा किंवा छोटे स्विच आणि दोन-तीन दिवे आहेत, तर तो स्टॅटिक. ट्रान्झिस्टर आणि आयसीवर चालणारी ही मधली पिढी माझ्या मते सगळ्यात त्रासदायक. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वयाबरोबर सुकतात आणि रिले आतून मेला तरी बाहेरून कळत नाही. तुमच्याकडे असे रिले उरले असतील तर बदलण्याच्या यादीत त्यांना सीडीजीच्या आधी घाला.

पडदा, बटणं आणि संगणकाची वायर जोडायची जागा असली की न्यूमेरिकल. संगणकाने दोष ओळखता येईल हा विचार जॉर्ज रॉकफेलर यांनी १९६९ मध्ये शोधनिबंधातून मांडला. एडमंड श्वाइत्झर यांच्या कंपनीचा मायक्रोप्रोसेसरवर चालणारा रिले १९८४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. आज आपल्या पॅनलवर मायकॉम, सिप्रोटेक दिसतात, तसे ठाण्यात बनलेले अशिदाचेही.

ड्रॉइंगवर मात्र पिढी दिसत नाही, आकडे दिसतात. ५० म्हणजे तात्काळ ओव्हरकरंट, ज्याला आपण हायसेट म्हणतो. ५१ म्हणजे वेळ घेऊन पडणारा, आयडीएमटी. मागे 'एन' लागला की अर्थ फॉल्ट. ६७ दिशा बघणारा, ८७ डिफरन्शियल, ८६ मास्टर ट्रिप, ५२ ब्रेकर, ६३ बुखोल्झ. हा शेवटचा या सगळ्यांत वेगळा. मॅक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये पेटंट घेतलेला हा रिले करंट मोजतच नाही, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला वायू आणि तेलाचा झोत ओळखतो. शंभर वर्षं झाली, तरी त्याला पर्याय म्हणून कोणी मायक्रोप्रोसेसर बसवलेला नाही.

चकती काय करते

घरातला जुना मीटर आठवा, लाल खूण असलेली चकती गरगर फिरायची तो. सीडीजीचं तत्त्व तेच. सीटीतून (लाइनचा मोठा करंट प्रमाणात लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर) आलेला करंट कॉइलमधून जातो, वेळेत थोडे मागेपुढे असलेले दोन चुंबकीय प्रवाह चकतीतून जातात आणि चकती फिरू पाहते. एक स्प्रिंग तिला मागे ओढते आणि एक कायमचं चुंबक तिला धावू देत नाही. करंट जितका जास्त तितकी चकती वेगात, म्हणजे पडायला लागणारा वेळ कमी.

तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. प्लग ठरवतो की चकती किती करंटला हलायला लागेल. ओव्हरकरंटला ५० ते २०० टक्के, २५च्या टप्प्यांनी, सात भोकं. अर्थ फॉल्टला बहुधा १० ते ४० किंवा २० ते ८० टक्के. टीएमएसची (टाइम मल्टिप्लायर सेटिंग) तबकडी ठरवते की कॉन्टॅक्टपर्यंत चकतीला किती अंतर कापायचं आहे. १ म्हणजे पूर्ण अंतर, ०.१ म्हणजे दहावा हिस्सा.

प्लग उपसला तर रिले आपोआप सगळ्यात वरच्या सेटिंगवर जातो, म्हणजे सीटीचं सर्किट उघडं पडत नाही. रिले पेटीतून बाहेर ओढला तर पेटीतलेच कॉन्टॅक्ट सीटी शॉर्ट करतात. हे ज्याने आखलं त्याला चालू पॅनलवर काम करणाऱ्याची काळजी होती. तरीही पेटीच्या कॉन्टॅक्टवर विसंबू नका, सीटी आधी टर्मिनल ब्लॉकवर शॉर्ट करा. लोड असताना सीटीची सेकंडरी उघडी पडली तर तिथे हजारो व्होल्ट उभे राहू शकतात.

स्टँडर्ड इन्व्हर्स वक्राचं सूत्र असं:

वेळ (सेकंद) = टीएमएस × ०.१४ ÷ (पीएसएमचा ०.०२ घात − १)

पीएसएम म्हणजे दोषाचा करंट सेटिंगच्या किती पट. टीएमएस १ असताना २ पटीला १०.०३ सेकंद, ५ पटीला ४.२८, १० पटीला २.९७ आणि २० पटीला २.२७. हे चार आकडे पाठच करा, टेस्टिंगला रोज लागतात. न्यूमेरिकल रिलेही हेच सूत्र वापरतो. फरक इतकाच की चकतीऐवजी तो मनातल्या मनात मोजतो.

सेटिंग काढायची रीत

आपलं उपकेंद्र असं: ५ एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर, ३३/११ केव्ही, डेल्टा-स्टार, इम्पीडन्स ७.१५ टक्के. ३३ केव्ही बसवर फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए धरू.

पायरी १, दोषाचा करंट. ५ एमव्हीएच्या पायावर सोर्सचं इम्पीडन्स १ टक्का, ट्रान्सफॉर्मरचं ७.१५, एकूण ८.१५. म्हणजे ११ केव्ही बसवर ५ ÷ ०.०८१५ = सुमारे ६१.३ एमव्हीए, करंट ३,२२० अँपिअर. तोच ३३ केव्ही बाजूला १,०७३ अँपिअर. फॉल्ट लेव्हल पारेषणवाल्यांकडून लेखी आणि ताजी घ्या. जुन्या फायलीतला आकडा नवी लाइन जोडल्यावर बदललेला असतो.

पायरी २, फीडरचा पिकअप, म्हणजे रिले हलायला लागतो तो करंट. सीटी २००/१, उन्हाळ्यातला सर्वाधिक लोड १४० अँपिअर. प्लग ७५ टक्के ठेवला तर पिकअप १५० अँपिअर, कागदावर पुरेसा. पण शेतीचा फीडर असेल तर विहिरीवरचे ऑटो स्विच आठवा. सप्लाय परत आला की साऱ्या मोटारी एकदम उठतात, आणि १४०चा फीडर पहिली काही सेकंदं त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून १०० टक्के, पिकअप २०० अँपिअर.

लोड आणि पिकअप यांच्यातलं हे अंतर केवळ गावच्या फीडरचा प्रश्न नाही. ३० जुलै २०१२ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन डिस्टन्स रिलेच्या (दोष किती दूर आहे ते बघणारा रिले) तिसऱ्या, म्हणजे दूरच्या झोनवर पडली. लाइनवर दोष नव्हता. लोडच इतका होता की रिलेला तो दूरचा दोष वाटला. त्यानंतर उत्तरेचा ग्रिड कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पूर्व आणि ईशान्यही. रिलेने सांगितलं तेच केलं होतं.

आता उलट बाजूही तपासा: फीडरच्या शेवटच्या टोकाचा दोष दिसेल का? वीझल कंडक्टरचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम. १५ किलोमीटरच्या टोकाला दोन फेज एकत्र आले तर करंट येतो जेमतेम साडेतीनशे अँपिअरच्या आसपास. २००च्या पिकअपला ही पावणेदोन पट, म्हणजे रिले पडेल, पण सवडीने. दीडपटीच्या खाली गेलात तर सेटिंग नव्हे, फीडरच बदलायला हवा: मध्ये रिक्लोजर किंवा फ्यूज.

पायरी ३, फीडरचा वेळ. ३,२२० ÷ २०० = १६.१ पट. सूत्रातून टीएमएस १ला २.४५ सेकंद, म्हणून टीएमएस ०.१ला ०.२४५ सेकंद. हायसेट ८ पट, १,६०० अँपिअर. उपकेंद्राजवळचा दोष त्यावर तात्काळ जाईल, आणि वितरण ट्रान्सफॉर्मर चार्ज होतानाचा इनरश (क्षणभराचा मोठा करंट) त्याला उठवणार नाही.

पायरी ४, इनकमर. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड २६२ अँपिअर, सीटी ३००/१, प्लग १०० टक्के. फीडरच्या दोषात इनकमरला दिसतात ३,२२० ÷ ३०० = १०.७ पट, टीएमएस १ला २.८८ सेकंद. फीडरला आधी पडायची संधी द्यायची म्हणून मध्ये अंतर ठेवतो: दोन्ही रिले चकतीचे असतील तर ०.४ सेकंद, दोन्ही न्यूमेरिकल असतील तर ०.३. या अंतरात ब्रेकर उघडण्याचा वेळ असतो, दोन्ही रिलेंची चूक असते, आणि चकती करंट थांबल्यावरही जडत्वाने थोडी पुढे जाते तो ओव्हरशूटही. न्यूमेरिकलला जडत्व नाही, म्हणून त्याला कमी अंतर पुरतं. चकतीचा हिशेब धरू: ०.२४५ + ०.४ = ०.६४५. टीएमएस ०.२२५.

इनकमरला हायसेट लावायचा नाही. फीडरच्या तोंडाशी झालेला दोष आणि बसवरचा दोष, दोन्हीत इनकमरमधून करंट जवळजवळ तोच जातो. तात्काळ पडणाऱ्या रिलेला त्यांतला फरक कळणं शक्यच नाही.

पायरी ५, ३३ केव्ही बाजू. फुल लोड ८७.५ अँपिअर, सीटी १००/१, प्लग १२५ टक्के, पिकअप १२५ अँपिअर. १,०७३ ÷ १२५ = ८.६ पट, टीएमएस १ला ३.१९ सेकंद. इनकमर ०.६४८ला पडतो, त्यात ०.४ मिळवून टीएमएस ०.३३ आला. इथे बहुतेक जण पेन खाली ठेवतात.

थोडं थांबा. ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार आहे. ११ केव्ही बाजूला दोन फेजमध्ये दोष झाला तर तिथला करंट तीन फेजच्या दोषाच्या ०.८६६ पट, म्हणजे २,७८९ अँपिअर. पण ३३ केव्ही बाजूच्या एका फेजमध्ये मात्र पूर्ण १,०७३ अँपिअरच येतो. म्हणजे इनकमर मंदावला आणि वरचा रिले होता त्याच वेगात. इनकमर आता ०.६९ सेकंद घेतो, वरचा १.०५. अंतर राहिलं ०.३६. टीएमएस ०.३५ करा, वरचा १.११ला जाईल आणि अंतर परत ०.४२ होईल. आणखी एक: इथे आर आणि बी असे दोनच ओव्हरकरंट घटक असतील आणि तो पूर्ण करंट वाय फेजमध्ये आला, तर हा रिले निम्माच करंट बघतो. म्हणून या बाजूला तिन्ही फेजमध्ये घटक हवेत. हायसेट १,४०० अँपिअर: ११ केव्हीच्या दोषाने उठणार नाही, ३३ केव्ही बुशिंगच्या दोषाला चुकणार नाही.

अर्थ फॉल्ट, आणि त्याची मर्यादा

फीडरला २० टक्के म्हणजे ४० अँपिअर हे सेटिंग नेहमीचं. ते आणखी खाली न्यायचा मोह होतो, पण चकतीच्या रिलेत त्याची किंमत आहे. कॉइल आपल्या सेटिंगला सुमारे ३ व्हीए घेते. १ अँपिअरच्या सीटीवर २० टक्के प्लग म्हणजे ०.२ अँपिअर, म्हणजे कॉइलचा रोध ३ ÷ ०.०४ = ७५ ओहम. १० टक्क्यांना तोच ३०० ओहम. लहान सीटी एवढं ओझं ओढताना संतृप्त होतो आणि कागदावर 'संवेदनशील' केलेला रिले प्रत्यक्षात आंधळा होतो. न्यूमेरिकलचं ओझं नगण्य असतं. माझ्या लेखी जुना रिले बदलण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच, रंगीत पडदा नव्हे.

तरीही एक गोष्ट दोन्ही पिढ्यांना जमत नाही. उन्हाळ्यात कोरड्या मुरमावर किंवा काळ्या कातळावर तार तुटून पडली तर जमिनीत काही अँपिअरच जातात. ४० अँपिअरचा रिले ते बघणार नाही, आणि ४ अँपिअरवर आणला तर फीडर दिवसभर उगाच पडत राहील. 'रिले नवा आहे, तार तुटली तर पडेलच' असं लाइनमनला कधीही सांगू नका. खाली पडलेली तार जिवंत आहे असंच धरून चालायचं.

सीडीजीचं टेस्टिंग

सोबत हवं: सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेला बाहेरून करंट देणारं) टायमरसकट, मल्टिमीटर, मऊ ब्रश, मंजूर सेटिंगची प्रत आणि मागच्या टेस्टचा रिपोर्ट. मागचा रिपोर्ट नसेल तर आजची टेस्ट अर्धीच. आकडा बरोबर आहे की नाही यापेक्षा तो सरकतोय का, हे जास्त सांगून जातं.

फीडर बंद, परमिट हातात. आधी आहे ते लिहून घ्या: प्लग कुठे, टीएमएस किती, कुठला फ्लॅग (रिले पडल्याची खूण) पडलेला. मग ट्रिपची लिंक उघडा, सीटी शॉर्ट करा, आणि नंतरच रिलेला किट जोडा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

काच काढण्याआधी वरची धूळ पुसा, नाहीतर तीच आत पडते. आत काय मिळेल सांगता येत नाही: कोळ्याची जाळी, कीटक, एकदा तर पालीची अंडी. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस अडकला असेल तर चकती घासून चालते. तो चिकटपट्टीच्या टोकाने काढा, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. चकती बोटाने हलकेच ढकला. ती कुठेही न अडखळता कॉन्टॅक्टपर्यंत जायला हवी आणि सोडल्यावर पूर्ण मागे यायला हवी.

मग पिकअप. करंट हळूहळू वाढवा. सेटिंगच्या १.०५ पटीच्या आसपास चकती सरकायला लागेल आणि १.३ पटीला कॉन्टॅक्ट लागलाच पाहिजे. सेटिंगच्या खालीच चकती सरकत असेल तर स्प्रिंग ढिली. १.३ला लागत नसेल तर घाण किंवा बेअरिंग.

वेळ मोजताना टीएमएस १वर ठेवा. २, ५ आणि १० पट करंट द्या आणि वरच्या पाठ केलेल्या आकड्यांशी ताडा. चकतीच्या रिलेत साडेसात टक्क्यांच्या आसपासची चूक हिशेबात धरलेलीच असते, त्याहून जास्त असेल तर कारण शोधा. इथे नवखे दोन ठिकाणी फसतात. हायसेट घटक सुरूच राहतो, १० पटीला तोच आधी लागतो आणि टायमर काही मिलिसेकंद दाखवतो, म्हणून तो आधी वर सरकवून ठेवा. दुसरं, चकती पूर्ण मागे येण्याआधीच पुढचा करंट दिला जातो, तिचा अर्धा रस्ता आधीच झालेला असतो आणि वेळ कमी येतो. प्रत्येक शॉटच्या मध्ये थांबा. तेवढ्यात कॉइलही निवते. १० पट करंट तिच्यात रेंगाळू द्यायचा नाही.

टीएमएस परत मंजूर आकड्यावर आणा आणि त्या जागी एकदा वेळ मोजा. तबकडीवरची ०.१ची रेघ आणि प्रत्यक्षातला ०.१ यांत फरक असतो, आणि तुमचं ग्रेडिंग (कोणता रिले आधी आणि कोणता नंतर पडायचा तो क्रम) नेमकं तिथेच उभं आहे.

शेवटी ट्रिप लिंक जोडून ब्रेकर प्रत्यक्ष पाडा, आणि तोही चार्जर बंद करून, फक्त बॅटरीवर. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीही तरतरीत दिसते. दोषाच्या वेळी व्होल्टेज बसतं, चार्जर लुळा पडतो, फ्लॅग पडतो आणि ब्रेकर मात्र जागचा हलत नाही. रिलेचा रिपोर्ट उत्तम आणि पॅनल जळून खाक, अशी प्रकरणं बहुधा डीसीचीच असतात.

सीडीजी काढून न्यूमेरिकल बसवताना

आधी वायरिंग शोधा. ड्रॉइंगवर नव्हे, बेल मारून (वायर कुठून कुठे जाते ते तपासून), एकेक फेरूल (वायरवरची क्रमांकाची खूण). तीस वर्षांत कोणीतरी काहीतरी बदललेलं असतंच.

मग डीसी. सीडीजीला दोष ओळखायला डीसी लागत नव्हता, सीटीचा करंट पुरायचा. न्यूमेरिकल रिले मात्र डीसी गेला की झोपलेला. तुमच्याकडे २४, ३० की ११० व्होल्ट, आणि रिलेचा पुरवठा किती खाली चालतो, हे मागणी नोंदवण्याआधीच बघा. त्याला वेगळा एमसीबी द्या. वॉचडॉगचा (रिले स्वतः बंद पडला की कळवणारा) कॉन्टॅक्ट अलार्मला जोडा. हा कॉन्टॅक्ट रिकामा सोडलेली पॅनलं मी इतकी पाहिली आहेत की आता पॅनलसमोर गेलो की आधी तोच बघतो.

सीटीची दिशा तपासा. एखाद्या फेजचा सीटी उलटा जोडला तर तिन्हींची बेरीज शून्य न येता लोडच्या दुप्पट येते. कमी लोडला फीडर धरतो आणि संध्याकाळी लोड वाढला की अर्थ फॉल्टवर पडतो. लोक दोन दिवस लाइनवर चिमण्यांची घरटी शोधत फिरतात.

आता सेटिंग. सीडीजीला दोन आकडे होते, इथे शेकडो जागा आहेत. सीटी रेशो, वक्राचा प्रकार, आकडे प्रायमरीत घालायचे की सेकंडरीत, आणि यांपैकी एक जागा चुकली की बाकीचं सगळं वाया. नको असलेलं प्रत्येक फंक्शन स्वतः उघडून बंद करा. कारखान्यातून ते बंदच येतं असं गृहीत धरू नका.

आणि इथेच त्या पावसाळी रात्रीचं उत्तर आहे. इनकमरच्या रिलेत ५१चं सेटिंग अचूक घातलं होतं, टीएमएससुद्धा बरोबर. पण खालच्या पानावर ५० हे फंक्शन आधीपासूनच चालू होतं, कारखान्याच्याच आकड्यावर. सीडीजीच्या त्या पेटीत हायसेट घटकच नव्हता, म्हणून मंजूर सेटिंगच्या कागदावर त्याचा रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून ते पान कोणी उघडलंच नाही. तेव्हापासून मी कागदावर 'बंद' हा शब्दसुद्धा प्रत्येक फंक्शनपुढे लिहून घेतो.

याच्या अगदी उलट चूक म्हणजे फंक्शन चालू आहे, दिवा लागतो, पण आउटपुटच्या तक्त्यात ते ट्रिपच्या कॉन्टॅक्टला जोडलेलं नाही. किटने टेस्ट करताना टायमर रिलेच्या कुठल्यातरी दुसऱ्याच कॉन्टॅक्टवर लावला तर हे कळणारही नाही. म्हणून टायमर ट्रिपच्याच कॉन्टॅक्टवर लावा आणि प्रत्येक घटकाने ब्रेकर एकेकदा प्रत्यक्ष पाडून बघा. ट्रिप कॉइलचा करंट तोडण्याचं काम ब्रेकरच्या सहायक कॉन्टॅक्टचं, रिलेच्या छोट्या कॉन्टॅक्टचं नव्हे. पल्सची लांबी त्याला जमेल तेवढी ठेवा.

रीसेटचाही विचार करा. चकती मागे यायला काही सेकंद घेते. फांदी वाऱ्याने तारेला लागते, सुटते, परत लागते, तेव्हा चकती दरवेळी थोडी पुढेच असते आणि शेवटी पडते. न्यूमेरिकल साधारणपणे लगेच शून्यावर येतो आणि असा टोचणारा दोष दरवेळी नव्याने मोजत बसतो. फीडर न्यूमेरिकल आणि इनकमर अजून चकतीचा असेल तर फीडर मोजत राहतो आणि इनकमर आधी पडतो. तिथे फीडरच्या रिलेत रीसेटला उशीर द्या. ग्रेडिंगचं अंतरही अशा मिश्र जोडीत ०.४च धरा, ०.३ नाही.

फीडर चार्ज केल्यावर लोड येऊ द्या आणि रिलेच्या पडद्यावर तीन फेजचे करंट बघा, पॅनलच्या अँमीटरशी ताडा. अर्थचा करंट शून्याजवळ असायला हवा. घड्याळ लावा. तारीख १ जानेवारीवर अडकलेल्या रिलेची दोष-नोंद कोणत्या दिवसाची, हे कोणालाच सांगता येत नाही. सेटिंगची फाइल उतरवून घ्या, लॅपटॉपवर एक आणि कार्यालयात एक, आणि छापील प्रत पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ऑपरेटरला नोंद कशी वाचायची ते बसून दाखवा. त्याला फ्लॅगची सवय आहे. कुठला दिवा म्हणजे कुठला फ्लॅग हे मराठीत लिहून पडद्याशेजारी लावलं तर रात्री फोन कमी येतात.

काढलेले सीडीजी लगेच भंगारात देऊ नका. शेजारच्या उपकेंद्रात अजून चालू असलेल्यांना प्लग, काच, बेअरिंग यांतलं काहीही लागतं आणि बाजारात ते मिळत नाही. शेवटच्या टेस्टचा रिपोर्ट पेटीलाच बांधा, चकतीला कागदाचा कपटा लावून ती हलणार नाही असं करा आणि स्टोअरमध्ये कोरड्या फळीवर ठेवा.